मूठ सकाळी किती, संध्याकाळी किती

रविवारी वंदना झाली की आम्ही विहाराच्या ओट्यावर बीपीचं यंत्र घेऊन बसतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी रस्ता झाडण्याच्या कामावरची एक ताई आली. वय बेचाळीस. बीपी ठीक निघालं. उठता उठता म्हणाली, "सिस्टर, हातातून खराटा सुटतो हो. घरी कपबशी सुटते. मुकादम म्हणतो, नाटकं करते." त्या महिन्यात तिची चार दिवस अर्धी हजेरी लागली होती. घरात कमावणारी ती एकटी.

आम्ही विचारलं, "किती वाजता सुटतो?"

ती जरा थांबली. असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, "सकाळी सहाला काही नसतं. नऊ-साडेनऊनंतर हाताला जीवच राहत नाही. आणि रात्री झोपेत मुंग्या येतात, हात झटकत बसावं लागतं."

तिच्या या दोन वाक्यांत जवळजवळ सगळा आजार आला होता. पण मुकादमाला वाक्य पटत नाही, त्याला कागद लागतो. त्या कागदावर लिहायचा आकडा कसा काढायचा, तेच या वेळी सांगायचं आहे. मुठीची ताकद मोजता येते. हाताचा थकवाही मोजता येतो. त्यासाठी मोठ्या दवाखान्यातच जायला हवं असं नाही.

आधी हात कसा चालतो ते बघू. डाव्या पंजाने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ आवळा, सोडा, आवळा, सोडा. डाव्या हाताखाली मांस हललेलं कळेल. मूठ आवळण्याचा मोठा जोर बोटांत नसतोच, तो कोपर आणि मनगट यांच्या मधल्या स्नायूंत असतो. तिथून कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्या, मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांचा एक अरुंद बोगदा आहे. त्यातून अशा नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर एक नस जाते. ही नस अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना जाणीव देते, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसाला हुकूम देते. दिवसभर आवळून आवळून दोऱ्यांवरचं आवरण सुजलं की बोगद्यात जागा कमी पडते आणि सगळ्यांत मऊ असलेली नस दबते.

आता थकवा. ओलं फडकं पिळलं की पाणी निघून जातं, तसंच आवळलेल्या स्नायूचं होतं. तो आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबून टाकतो. ताजं रक्त आत येत नाही, स्नायूत तयार झालेला कचरा बाहेर जात नाही. मूठ सोडली की रक्त पुन्हा वाहू लागतं. म्हणून किती जोराने धरलं यापेक्षा किती वेळ न सोडता धरलं याला जास्त महत्त्व आहे. जर्मनीत रोमर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० साली याचं गणित मांडलं. माणूस पूर्ण जोर लावून धरतो तेव्हा तो जोर काही सेकंदच टिकतो. अर्धा जोर साधारण एक मिनिट टिकतो. अगदी थोडा जोर असेल तर बराच वेळ धरता येतं. पुढे इतरांनी या आकड्यांत दुरुस्त्या सुचवल्या, पण मूळ गोष्ट कायम राहिली: जोर दुप्पट केला की वेळ निम्मा होत नाही, त्याहून खूपच घटतो.

याचा आपल्या कामाशी संबंध लावून बघा. एका बाईची पूर्ण पकड २० किलोची आहे आणि तिला पाच किलोच्या जोराने दांडा धरावा लागतो. पावसात दांडा निसरडा झाला, तोच धरायला दहा किलो लागले. काम तेच, रस्ता तोच, पण ती पाव जोरावरून अर्ध्या जोरावर गेली. मुकादमाला यातलं काहीच दिसत नाही.

कमजोरी आणि थकवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगून ठेवतो. कमजोर हात सकाळी उठल्यापासूनच कमी भरतो. थकलेला हात सकाळी पुरेसा भरतो आणि काम करता करता उतरतो. कमजोरीमागे आजार, वय, कमी खाणं असू शकतं. थकवा बहुतेक वेळा कामाच्या पद्धतीकडे बोट दाखवतो. आणि थकवा रात्रभरात भरून निघेनासा झाला की त्याची कमजोरी होऊ लागते. एकदाच मोजून हे कळत नाही. निदान दोनदा मोजावं लागतं, सकाळी आणि संध्याकाळी. तिसरं माप दुसऱ्या दिवशी सकाळचं, आणि आमच्या मते तेच सगळ्यांत बोलकं.

दवाखान्यात पकड मोजायला जे यंत्र असतं त्याला डायनॅमोमीटर म्हणतात. फिजिओथेरपी विभागात ते सापडतं. एक दांडी, एक मूठ, वर घड्याळासारखा काटा. खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट जवळजवळ सरळ. पूर्ण जोराने आवळायचं आणि सोडायचं. असं तीनदा, मध्ये थोडी विश्रांती घेऊन. काटा किलोत आकडा दाखवतो. उभं राहून, हात लोंबकळत ठेवून किंवा मनगट वाकवून घेतलेला आकडा वेगळा येतो. तेव्हा कुणी घाईघाईने, रांगेत उभं करून मोजत असेल तर त्याला बिनधास्त टोका.

आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेली मर्यादा अशी: पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा कमी किंवा बाईची १८ किलोपेक्षा कमी असेल तर ती कमी समजावी. पण ही मर्यादा वयानुसार स्नायू झिजलेत का हे ओळखण्यासाठी, मुख्यतः वयस्कांसाठी आहे. पस्तिशीचा बिगारी ३० किलो भरला तर तो या पट्टीवर "नॉर्मल" ठरतो. तोच दोन वर्षांपूर्वी ४५ भरत असेल तर? त्याचा तिसरा हिस्सा जोर गेला आणि कागद म्हणतो सगळं ठीक. म्हणून आपली तुलना आपल्याशीच करायची.

पकडीचा आकडा फक्त हाताबद्दल सांगतो असंही नाही. २०१५ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. भारतातले लोकही तिच्यात होते. ज्यांची पकड पाच किलोने कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण साधारण १६ टक्क्यांनी जास्त दिसलं. याचा अर्थ रबरी चेंडू दाबत बसलं की आयुष्य वाढतं असा कुणी काढू नये. जेवण, आजार, श्रम, वय या सगळ्यांची बेरीज मुठीत उतरते, इतकाच अर्थ.

आकड्यांवर आंधळा विश्वास मात्र नको, आणि याचं कारण या यंत्राच्या इतिहासातच आहे. १७९८ च्या सुमारास पॅरिसमध्ये रेनिए नावाच्या कारागिराने हाताचा जोर मोजणारं यंत्र बनवलं. ते घेऊन पेराँ नावाचा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे गेला. तिथल्या मूळ रहिवाशांना त्याने ते दाबायला लावलं, आपल्या खलाशांनाही लावलं, आणि "रानटी" माणूस युरोपियनापेक्षा दुबळा असतो असं १८०७ साली ग्रंथात लिहून टाकलं. ज्यांनी ते लोखंडी यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं, ज्यांना ते का दाबायचं हे ठाऊक नव्हतं, त्यांनी अनोळखी माणसासमोर पूर्ण जोर का लावावा? हा प्रश्न नंतरच्या लोकांनी विचारलाच. जन्मावरून माणसाची प्रत ठरवायची असली की तराजूसुद्धा तसाच धरला जातो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मापणारा कोण, कशासाठी मापतो आणि कागद कुणाच्या हातात जातो, हे आधी विचारायचं. या मुद्द्यावर शेवटी परत येऊ.

आता आपली वस्तीतली पद्धत. डायनॅमोमीटर नसेल तर बीपीच्या यंत्रावर काम भागतं. सांधेदुखीच्या रुग्णांची पकड अशी मोजण्याची पद्धत जुनी आहे. यंत्र काट्याचं, गोल डायलचं हवं. बॅटरीवर चालणारं डिजिटल यंत्र इथे उपयोगाचं नाही.

दंडाला बांधायचा पट्टा घट्ट गुंडाळून त्याची वळकटी करा. ती उलगडू नये म्हणून दोन ठिकाणी नाडीने बांधा. आमच्याकडे एका शिवणकाम करणाऱ्या ताईने जुन्या परकराच्या कापडाची पिशवीच शिवून दिली, ती उत्तम बसते. फुग्याने हवा भरून काटा २० वर आणा आणि चावी बंद ठेवा. आता वर सांगितलं तसं बसा, वळकटी पंजात घ्या आणि पूर्ण जोराने आवळा. काटा जिथवर चढला तो आकडा लिहा. सोडल्यावर काटा २० वर परत आला नाही तर हवा पुन्हा नीट करा. प्रत्येक हात तीन वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती. तिन्हीतला मोठा आकडा धरा. दरवेळी तेच यंत्र, तीच वळकटी, तेच २०.

हा आकडा किलोत नसतो आणि त्याचे किलो करायचेही नाहीत. शेजारणीच्या आकड्याशी तुलनाही करू नका. काटा ३०० च्या जवळ जायला लागला तर लगेच सोडा. कणखर हाताचे हमाल, गवंडी यांच्याकडून यंत्र बिघडण्याची भीती असते. आमचं एक यंत्र अशाच एका दादांनी हसत हसत निकामी केलं. त्यांनी नवीन आणून दिलं हेही सांगायला हवं.

थकवा मोजायचा तर आणखी एक पायरी. समजा पूर्ण जोर लावून काटा १६० वर गेला. आता काटा ८० वर ठेवून धरून राहायचं आणि दुसऱ्याने घड्याळ बघायचं. काटा ८० च्या खाली उतरला आणि प्रयत्न करूनही वर येईना, की तितके सेकंद लिहायचे. श्वास रोखायचा नाही. आवळताना श्वास रोखला की बीपी झपकन चढतं, म्हणून मोजताना एक-दोन-तीन असं मोठ्याने म्हणायला लावायचं. ज्यांचं बीपी त्या दिवशी वाढलेलं आहे, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या हाताचं, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतं झालं आहे, त्यांनी ही तपासणी करू नये.

वहीत काय लिहायचं? तारीख, उजवा, डावा, पूर्ण जोर, अर्ध्या जोराचे सेकंद. कामाला जाण्याआधी एकदा, कामावरून आल्यावर तासाभरात एकदा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. असे कामाचे तीन दिवस आणि सुट्टीनंतरची एक सकाळ. त्या दिवशी काम काय होतं हेही एका ओळीत लिहा: "ओला कचरा, गाडी भरलेली", "चार घरची भांडी, दोन घरची धुणी", "स्लॅब". हातात आकडा असेल आणि कामाची नोंद नसेल तर डॉक्टरलाही काही सुचत नाही.

संध्याकाळी आकडा थोडा उतरलेला असणं साहजिक आहे. तो दुसऱ्या सकाळी जागेवर आला तर शरीर आपलं काम करतंय. सकाळीही तो खालीच राहिला, आठवडाभर हळूहळू घसरत गेला आणि रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी वर आला, तर काम हातापेक्षा जास्त होतंय असं समजा. सुट्टीनंतरही वर आला नाही तर दवाखाना गाठा. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात साधारणपणे डाव्याच्या बरोबरीने किंवा थोडा जास्तच भरतो. तो डाव्याच्या मागे पडला तर ती खूण सोडू नका.

त्या ताईचा उजवा सकाळी १४०, डावा १६०. संध्याकाळी डावा १५० आणि उजवा ९०. अर्धा जोर तिने सकाळी पन्नास सेकंद धरला, संध्याकाळी अठरा. तीन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी वहीकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे मी नाटकं नाही करत." आम्ही इतकी वर्षं सुया टोचल्या, सलाईन लावल्या, पण कागदावरच्या आकड्याने माणसाचा चेहरा असा उजळलेला क्वचितच पाहिला.

वही घेऊन आम्ही तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी मनगट वाकवून मिनिटभर धरायला लावलं, मनगटावर टिचकी मारली, मुंग्या कुठे येतात ते बोट लावून दाखवायला सांगितलं. करंगळीत येत नव्हत्या, बाकी बोटांत येत होत्या. नसेची तपासणी झाली, साखर आणि थायरॉइडही तपासलं, कारण मधुमेहात आणि थायरॉइड कमी असताना हाच त्रास बळावतो. गरोदरपणातही होतो. केसपेपरवर लिहून आलं: कार्पल टनेल, म्हणजे तोच मनगटातला बोगदा. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, काही दिवस कामात बदल, आणि पुन्हा दाखवायला या. ऑपरेशन लागलं नाही. अंगठ्याच्या बुडाचं मांस अजून सुकलेलं नव्हतं म्हणून. ते मांस खोलगट झालेलं दिसलं तर नस बराच काळ दबून आहे असं समजायचं आणि उशीर करायचा नाही.

पकड जाण्याची कारणं आणखीही आहेत. मानेतली नस दबली तर मान-खांदा दुखून हात कमजोर होतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर मूठ आवळताना कळ येते आणि माणूस आपोआप जोर आखडता घेतो, तेव्हा आकडा खोटा कमी येतो. दुखतंय का हे म्हणूनच आधी विचारायचं. रस्ता फोडण्याचं ब्रेकर मशीन धरणाऱ्यांचं वेगळंच. त्याच्या हादऱ्याने बोटांच्या नसा आणि बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावरची हत्यारं चालवणाऱ्या कारागिरांची बोटं थंडीत पांढरीफटक पडतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली जाऊन तपासलं. आपल्याकडच्या उकाड्यात बोटं पांढरी झालेली सहसा दिसत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शर्टाचं बटण लावता येईनासं झालं की मग कळतं.

आणि रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी म्हणजे स्नायूला प्राणवायू कमी, म्हणजे हात लवकर थकणार. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, ती करून घ्या. जेवणात मटकी, चवळी, हरभरे, अंडं, सुकट, जे परवडेल ते रोज असू द्या. घरात सगळ्यांच्या ताटात वाढून उरलं तर आपण, ही रीत मात्र बंद करा.

एका बाबतीत मात्र वही, यंत्र सगळं बाजूला ठेवायचं. एका हातातली ताकद अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा आणि त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या. मालिश करत बसू नका.

बरेच जण म्हणतात, आमचं कामच व्यायाम आहे, आम्हाला काय होतंय! व्यायाम करणारा थकला की थांबतो, दुसऱ्या दिवशी दुसरा स्नायू वापरतो, वर झोपतो. कामावर तोच हात, तीच हालचाल, आठ-दहा तास, आणि कधी थांबायचं ते दुसरा ठरवतो. डोक्याचा शीणही हातात उतरतो. इटलीत तुरिन इथे अँजेलो मोस्सो या शास्त्रज्ञाने बोटाने वजन उचलायला लावून थकवा कागदावर रेघांनी उमटवणारं यंत्र केलं होतं. त्याच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेण्यात काही तास घालवले आणि मग बोट यंत्रात घातलं, तर ते नेहमीपेक्षा फार लवकर थकलं. त्याने उचलून काहीच आणलं नव्हतं, नुसतं डोकं वापरलं होतं. घरभाड्याची, पोराच्या फीची काळजी डोक्यात घेऊन चार तास झोपून कामावर जाणाऱ्या बाईचा हात लवकर उतरला तर नवल नाही.

कामात काय बदलता येईल? दांडा फार बारीक असेल तर त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. अंगठा आणि तर्जनीची टोकं दांड्याभोवती एकमेकांना जेमतेम लागावीत, इतकी जाडी बहुतेक हातांना सोसते. बादलीच्या तारेच्या कडीवरही हेच करा. मनगट वाकवून धरलं की जोर घटतो, ते सरळ राहील अशी पकड बदला. हातमोजे हवेतच, पण मापाचे हवेत. ढगळ, जाड मोज्यात तोच दांडा धरायला जास्त जोर लागतो. सगळ्यांना एकाच मापाचे पुरुषी मोजे वाटतात आणि बायका ते काढून ठेवतात म्हणून त्यांनाच बोल लावतात. मागणी मोज्यांची नको, मापाच्या मोज्यांची हवी. घरकामात सगळ्यांत वाईट म्हणजे पिळणं. चादर, जीन्स नळाला वळसा घालून पिळली तर जोर दंडावर जातो, किंवा तशीच निथळायला टाका. आणि धुणं, भांडी, लादी हा क्रम असा लावा की दोन पिळायची कामं लागोपाठ येणार नाहीत.

विश्रांतीबद्दल आमचं मत पक्कं आहे. दुपारची एकच मोठी सुट्टी हाताला पुरत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी मूठ पूर्ण उघडून, बोटं पसरून अर्धा मिनिट हात सैल सोडणं जास्त उपयोगी, कारण तेव्हाच रक्त आत जातं. कामाचे तास ठरवणं हे मुकादमाच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही, हे बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना जाणलं होतं. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, त्याआधी निदान अर्ध्या तासाची सुट्टी हवी, असं लिहिलं. रस्त्यावर झाडणारी, नाक्यावर उभी राहणारी, चार घरी धुणं करणारी माणसं त्या कारखान्याच्या भिंतीबाहेर राहिली, हे दुखणं अजून आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांनी आपलं कार्ड तपासावं. अटी पूर्ण असतील तर डॉक्टरने लिहून दिलेल्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ठेकेदार कापून घेतो आणि भरत नाही, असंही आम्ही पाहिलं आहे, म्हणून भरणा झाला का ते बघा.

आता वही कुणाकडे ठेवायची. एका ठिकाणी आमचं काम बघून ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सिस्टर, छान आहे हे, आमच्या सगळ्या कामगारांचं मोजून द्या, यादी करून द्या." आम्ही नाही म्हटलं. ती यादी औषधासाठी नव्हती. कमी भरणाऱ्यांना पुढच्या महिन्यात घरी बसवायची ती यादी झाली असती. वही कामगाराची. तिच्या ट्रंकेत राहील, डॉक्टरला दाखवली जाईल, संघटनेला दाखवली जाईल, आणि मालकाला दाखवायची वेळ आली तर केसपेपरबरोबर, तिच्या संमतीने, तिला जेवढी पानं दाखवायची असतील तेवढीच. विहारातही आम्ही नावांची यादी ठेवत नाही. ज्याची वही त्याने घरी न्यायची.

ताईची गोष्ट सरळ संपली नाही. केसपेपर देऊनही हलकं काम मिळायला तीन महिने लागले, दोनदा संघटनेचं पत्र गेलं. कापलेली हजेरी परत मिळाली नाही. आता ती ढकलगाडी आणि खराटा एक दिवसाआड करते, दांड्यावर ट्यूब आहे, रात्री मनगटाला पट्टा असतो. गेल्या महिन्यात मोजलं तेव्हा उजवा सकाळी १५५ आणि संध्याकाळी १३०. तिच्या जोडीच्या सहा जणींनीही वह्या घातल्या आहेत.

आमचं यंत्र विहाराच्या कपाटात वरच्या खणात असतं, परकराच्या पिशवीसकट. रविवारी साडेदहापासून आम्ही तिथे असतो. संध्याकाळचं माप घ्यायचं तर कामावरून आल्यावर आधी हातपाय धुवा, चहा घ्या, पण स्वयंपाकाला लागण्याआधी या, नाहीतर भाकऱ्या थापल्याचा थकवाही त्याच आकड्यात मिसळतो.